बुडी

"नाही," एव्हेनोर म्हणाला. "त्या पोरात आता काही राहिलेलं नाही." एवढं बोलून त्याने पेल्यातल्या तिस्तेचा, भरडलेल्या मका-कोकोच्या पेयाचा, गार घोट घेतला, आणि घोट घशाखाली उतरेपर्यंत त्याच्या लक्षात आलं की आपण हे फारच सहज बोलून गेलो. बेसबॉल स्टेडियमच्या फाटकाशी, बदामाच्या झाडाखाली, मॅनेजर डॉन लेओन्तेने विचारलंही तसंच सहज होतं. बाजारातल्या बाईला आज केळी कशी दिली विचारावं तसं. नवा पिचर ठेवायचा की परत पाठवायचा हे मॅनेजर कॅचरला विचारणार नाही तर कुणाला विचारणार? पिचरने टाकलेला चेंडू शेवटी कॅचरच्याच हातात येऊन संपतो. डॉन लेओन्तेने मान हलवली. "मलाही तेच वाटत होतं. रविवारी एकदा खेळवतो आणि देतो पाठवून. मरियामातेच्या पुरिसिमा सणाला घरी तरी पोचेल बिचारा." मग तो पिकअपमध्ये चढला आणि खिडकीतून मान काढून ओरडला, "आणि तुझ्या मेलिदाला म्हणावं, गुडघ्यांना शेक दे याच्या! बदकासारखा चालतोयस!" गाडी गेली. एव्हेनोर रिकामा पेला हातात घेऊन उभा राहिला. तिस्तेचा भरडा दातांत राहतो आणि जिभेला मग तेवढाच एक उद्योग होऊन बसतो, तसं ते 'नाही' त्याच्या तोंडात राहिलं.

तो घराकडे चालू लागला. जळत्या उसाच्या फडांची काळी राख दुपारच्या हवेत तरंगत होती आणि दोरीवरच्या चादरींवर येऊन बसत होती. माणसाविषयी निकाल द्यायचा म्हणजे आधी जरा जड व्हायला हवं, असं त्याला वाटत आलं होतं. आजवर त्याने कितीतरी पिचर झेलले होते. रागीट, देवभोळे, दारू पिऊन येणारे. आणि एक तर प्रत्येक चेंडूआधी आईचं नाव घेणारा. चेहरे विसरले होते, पण डाव्या पंजाला ते सगळे आठवत होते. कुणाचा चेंडू हातात शिरताना जरा वळायचा, कुणाचा दगडासारखा आदळायचा, कुणाचा असा अलगद यायचा की झेलल्यावरही हात रिकामाच वाटावा. आणि या नव्या पोराचा, हर्लन डिक्सनचा, चेंडू कसा होता? त्याने आठवून पाहिलं, आणि त्याला नीट आठवेना. सपाट, सरळ, खांद्याच्या उंचीवरून येणारा, कुणाचाही असावा असा चेंडू. असा चेंडू बॅटरला आवडतो. दोन सामन्यांत तो सगळ्यांना आवडलाही होता. भिंतीपलीकडच्या केळीच्या बागेत गेलेले चेंडू शोधायला माणसं पाठवावी लागली होती. मग 'नाही' म्हणालो यात चुकलं काय? गायकाचा गळा जातो, तसा पिचरचा चेंडूही जातो. एका सकाळी उठावं तर तो गेलेला असतो. कुणाचा दोष नसतो त्यात.

हर्लन नोव्हेंबरात एक पिशवी घेऊन आला होता. पलीकडच्या समुद्रातल्या बेटावरचा मुलगा. घरी आई-बापाशी इंग्रजी बोलणारा. त्याची स्पॅनिश धुवून, इस्त्री करून, जपून घातलेल्या शर्टासारखी होती. तीन वर्षं उत्तरेत, परदेशी संघात काढून तिथल्यांनी परत पाठवलेला. तिथे त्याला पाहिलेल्या एकाने डॉन लेओन्तेला फोनवर सांगितलं होतं, की या पोराचा चेंडू बॅटरपुढच्या प्लेटपाशी येऊन बुडी मारतो. अगदी टेबलावरून दगड ढकलावा तसा. बॅटर हवेत बॅट फिरवतो, आणि चेंडू खाली मातीत. संघातल्या पोरांनी चेंडूचं नावच ठेवलं, 'बुडी'. पहिल्या दिवशी सरावाला एव्हेनोर त्याच्यासमोर बसला. दोन-चार साधे चेंडू आले, आणि मग एक आला तो खरंच आला नाही, म्हणजे जिथे यायचा तिथे आला नाही. तो बुडला, मातीवर आपटला आणि उसळून एव्हेनोरच्या गळ्याच्या खळगीत बसला. असा चेंडू झेलायचा नसतो, अडवायचा असतो. दोन्ही गुडघ्यांवर धाडकन पडायचं, छातीची भिंत करायची आणि त्याला पुढ्यात पाडायचा. एव्हेनोर पडला होता, फक्त जरा उशिरा. तो मोठ्याने हसला. "अरे वा, आल्या आल्या मारलंस की रे पोरा!" सगळे हसले. हर्लन हसला नाही. तो तिथूनच बघत उभा राहिला, हात खाली सोडून. त्यानंतर तो चेंडू पुन्हा कधी आला नाही. एव्हेनोरने खूण केली तरी येई तो अर्धामुर्धा, पडू की नको करणारा. बॅटरच्या बॅटवर येऊन बसणारा.

आणि तरी पोरगा आवडत होता, हाच घोळ होता. एव्हेनोरच्याच गल्लीत त्याने खोली घेतली होती आणि संध्याकाळी जेवायला तो एव्हेनोर आणि त्याची बायको मेलिदा यांच्याकडेच असे. पहिल्यांदा मेलिदाने त्याला घावनात गुंडाळलेलं, वर साय ओतलेलं चीज दिलं तेव्हा ते कुठून धरायचं हेच त्याला कळेना. साय मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. मेलिदा हसून हसून खांबाला टेकली. "अरे, तुझ्या बेटावर गाई नाहीत का रे?" "आहेत, वहिनी. पण त्या असा त्रास देत नाहीत." दुसऱ्या दिवशी तिने भातात नारळ घालून पाहिला. जेवून त्याने ताट स्वतः विसळलं, आणि दारात थांबून म्हणाला, "आईचा जरा वेगळा होतो. पण आज आठवण नाही आली." मेलिदा नंतर बराच वेळ त्या वाक्याचा अर्थ लावत बसली होती. आठवण आली नाही म्हणजे चांगलं की वाईट? त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यावर बोलणं कधीच संपलं होतं. पण मेलिदा आता बाजारातून नारळ आणताना तो कानाशी हलवून बघू लागली होती, ते एव्हेनोरने पाहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी गुडघा असा सुजला की पँट वर चढेना. मेलिदाने कापराचं मलम चोळलं, वरून गरम फडकं बांधलं. "आज नको जाऊ." "गेलं पाहिजे." "का? तू नाही गेलास तर चेंडू काय जमिनीवर पडणार आहेत?" तो गेला, पण उशिरा. सरावाची जागा मैदानाच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या भिंतीमागे होती, आणि भिंतीपाशी पोचायच्या आधीच त्याला आवाज ऐकू आला. ग्लोव्हमध्ये शिरलेला चेंडू फट् करतो. हा आवाज वेगळा होता. आधी थप्, ओल्या मातीवर भाकरी थापल्यासारखा, मग छातीच्या पॅडवरचा पोकळ धक्का, मग यादेरचं कण्हणं आणि त्याच श्वासात हसणं. "आईच्यान्! आणखी एक!" यादेर हा दुसऱ्या फळीतला कॅचर, चोवीस वर्षांचा, मांजरासारखा लवचिक, सहसा बाकावर बसून शेंगदाणे सोलणारा. थप्. "अरे, हा तर प्लेटखाली खड्डा पाडेल!" एव्हेनोरने पत्र्याच्या भोकाला डोळा लावला. हर्लनचा लांब हात वर गेला, खाली आला. चेंडू अगदी साळसूदपणे छातीच्या उंचीवर निघाला, अर्धी वाट, पाऊण वाट, आणि मग जणू कुणी हाक मारली म्हणून खाली गेला. थप्. यादेर गुडघ्यांवर. चेंडू त्याच्या पुढ्यात, पाळलेल्या जनावरासारखा निपचित.

एव्हेनोर भिंतीला वळसा घालून आत आला. हर्लनने त्याला पाहिलं. "शुभ सकाळ, दादा." यादेर उठून बाजूला झाला, आणि एव्हेनोर त्याच्या जागी उकिडवा बसला. पुढचा चेंडू आला. सपाट, सरळ, खांद्याच्या उंचीवरून. फट्. त्याच्या पुढचा. फट्. एव्हेनोर झेलत राहिला. ग्लोव्हच्या आत पंजा गरम होत गेला. हे काय आहे ते त्याला कळत होतं, कारण हे त्याच्याशी एकदा झालं होतं. या मैदानावर नाही. कोरिंतोला, बंदरामागच्या गल्लीत, नऊ वर्षांचा असताना. थोरला भाऊ निकानोर पिचर होता. मोजे गुंडाळून, वरून चिकटपट्टी मारून केलेला चेंडू, आणि ताडपत्री कापून आईने शिवलेला ग्लोव्ह. मोठी मुलं असली की निकानोरचा चेंडू शीळ घालत जायचा. एव्हेनोर समोर बसला की तोच चेंडू हातात पाव ठेवल्यासारखा यायचा. कित्येक दिवस एव्हेनोरला वाटत होतं की आपण फार चांगले झेलतो. मग एकदा कुंपणाआडून त्याने दुसऱ्यासाठी टाकलेला चेंडू पाहिला. त्याने ग्लोव्ह धुळीत फेकला आणि भोकाड पसरलं, "मला खरा टाक! खरा टाक!" निकानोर समजावत राहिला, शेवटी वैतागला आणि त्याने खरा टाकला. नाक फुटलं. आईने निकानोरला झाडूने बडवलं. आणि एव्हेनोर रक्ताचा तो शर्ट धुवायला देईना. गल्लीतल्या सगळ्यांना दाखवत फिरला. लढाईच्या वर्षांत निकानोर देशाच्या उत्तरेकडच्या डोंगरात गेला. त्याच्या तुकडीतले काहीजण परत आले, तो आला नाही. या सगळ्याची आठवण आता कुठे येत असे? पण पंजा विसरला नव्हता. जपून टाकलेला चेंडू कसा लागतो ते त्याला माहीत होतं. आणि तरी दोन आठवडे त्याने तो ओळखला नाही, की त्याला ओळखायचाच नव्हता?

त्या संध्याकाळी फुटपाथवर दोन झुलत्या खुर्च्या होत्या. शेजारीपाजारीही आपापल्या खुर्च्यांत झुलत होते, गावामागच्या ज्वालामुखीच्या टोकावर धुराचा बारीक शेपटा होता. आत मेलिदा ताटं मांडत होती. हर्लन खुर्चीत नीट बसला होता, झुलत नव्हता.

"यादेरला टाकतोस तो मला का नाही टाकत?" एव्हेनोरने विचारलं.

"कुठला?"

"भोळा बनू नकोस. तसा चेहरा करायला माझ्याकडून शिकलायस तू."

हर्लन समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी तुम्हाला लागला ना."

"लागला. मी काय साखरेचा आहे?"

"तुम्ही आधी हसलात, दादा. मग उठलात. मध्ये बराच वेळ गेला." तो थांबला, जपून शब्द शोधत. "माझा बाप बुड्या मारायचा. शेवंडी काढायला. खोल जायचा, भरभर वर यायचा. सगळेच तसं करायचे, त्याने पाय जातात हे माहीत असूनही. एक दिवस बोटीवरून उतरताना पाय हलेनात. तो असाच हसला. धक्क्यावरच्या सगळ्यांना हसवलं त्याने, आणि लोक पांगेपर्यंत बोटीतच बसून राहिला. मी शेजारी होतो. हसून वेळ कसा काढतात ते मला कळतं."

एव्हेनोरला एकदम राग आला, आणि राग आला म्हणून बरंही वाटलं. "माझी कीव करायला तुला कुणी सांगितलं? तुझ्या बापाची कीव कर! रविवारनंतर तुला हाकलणार आहेत, माहीत आहे का?"

"माहीत आहे."

"आणि त्यांना मी सांगितलंय. मी! की तुझ्यात काही नाही म्हणून."

हर्लनने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर सोपं गेलं असतं. "तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही सांगितलंत," तो म्हणाला. "बरोबरच आहे ते."

दारात मेलिदा उभी होती, हातात पळी. किती वेळ उभी होती कोण जाणे. "छान," ती म्हणाली. "हा तुझ्या गुडघ्यांसाठी स्वतःचं पोट मारणार, आणि तू याला पोचवायला बस-स्टँडवर जाणार. दोघं एकमेकांना इतकं सांभाळा, इतकं सांभाळा, की दोघंही घरी बसा. चला, भात गार होतोय."

भात नारळाचाच होता. उठताना एव्हेनोर म्हणाला, "रविवारी मी खूण केली की टाकायचास." हर्लन म्हणाला, "बघू, दादा," आणि आपलं ताट विसळू लागला.

शनिवारी एव्हेनोर मागच्या अंगणात गेला आणि मेलिदाला हाक मारली. सणासाठी आणलेली हिरवी संत्री टोपलीत होती. देवीपुढे ठेवायची, दारी गाणी म्हणायला येणाऱ्यांना वाटायची. "ती घेऊन तिथे उभी राहा. माझ्या पायांपाशी फेक. जोरात." "देवीची संत्री आहेत ती." "देवीला सांगतो मी." ती फेकू लागली. तो उकिडवा बसे, आणि संत्रं सुटलं की गुडघ्यांवर पडे. पहिलं अडलं. दुसरं अडलं. तिसरं डावीकडून निसटून कोंबड्यांत गेलं. डावा गुडघा ऐकत नव्हता. ऐकायचा तो, पण दूरवरून हाक आल्यासारखा, जरा विचार करून. "पुन्हा," तो म्हणायचा. मेलिदा फेकत होती. लग्नाआधी ती स्टेडियमबाहेर कलिंगडाच्या फोडी विकणाऱ्या बापाच्या गाडीवर बसायची आणि जाळीतून खेळ बघायची. तिचा हात चांगला होता. ती मुद्दाम हळू फेकत नव्हती, हे त्याला जाणवलं, आणि त्याबद्दल तिच्याविषयी इतकं काहीतरी दाटून आलं की एक संत्रं नुसतंच छातीवर बसलं. अंगणभर संत्री झाली. तो मातीत बसून राहिला. ती आली, शेजारी बसली, एक फुटलेलं संत्रं उचलून तिने त्याची फोड त्याच्या तोंडात घातली. "किती निसटली?" त्याने विचारलं. "मोजली नाहीत मी," ती म्हणाली. आंबट होतं.

रविवारी स्टेडियम भरलं होतं. ग्रानादाशी सामना, ऊन, भाजलेल्या मक्याचा वास, आणि तिसऱ्या बेसमागे ढोल. एव्हेनोरने पहिल्या डावात बुडीची खूण केली, मांड्यांच्या मध्ये चार बोटं. हर्लनने मान आडवी हलवली. दुसऱ्या डावात खूण, पुन्हा मान. सपाट चेंडू येत होते आणि मार खात होते. मागचे खेळाडू धावून धावून झेल घेत होते म्हणून निभावत होतं. हेल्मेटच्या जाळीतून एव्हेनोर त्या लांब, शांत चेहऱ्याकडे बघत होता. मूर्खा, मनात तो म्हणत होता, इथे तुझा जन्म वाया चाललाय आणि तू माझे गुडघे मोजत बसलायस. सहावा डाव आला. दोन्हीकडे दोन-दोन रन. ग्रानादाचे दोघं बाद, तिसऱ्या बेसवर एक माणूस, आणि प्लेटवर त्यांचा सगळ्यांत जाडजूड बॅटर, ज्याने हर्लनचा चेंडू आधीच एकदा भिंतीवर मारला होता. दोन स्ट्राइक झाले होते, तिसऱ्याला तो बाद. आता एक चेंडू मागे निसटला की तिसऱ्यावरचा माणूस घरी, म्हणजे प्लेटवर, पोचणार आणि रन होणार. एव्हेनोरने चार बोटं दाखवली. मान. चार बोटं. मान. त्याने अंपायरकडे वेळ मागितला आणि तो मधल्या उंचवट्याकडे चालत गेला. रस्ता लांब वाटला. मागून कुणीतरी ओरडलं, "आजोबांना रिक्षा करा रे!"

"टाक," तो म्हणाला.

"तिसऱ्यावर माणूस आहे, दादा."

"आंधळा नाही मी."

"निसटला तर लोक तुम्हाला खातील."

"खाऊ देत. म्हातारं मांस आहे, दात पडतील." हर्लन हसला नाही. एव्हेनोरने ग्लोव्ह तोंडावर धरला, म्हणजे ओठ कुणाला दिसू नयेत; आणि त्याचा आवाज त्याच्याही नकळत बदलला. "हे बघ. तू मला जपून टाकतोस ना, तेव्हा तुझ्यासमोर मी नसतोच. कुणीतरी आजारी माणूस बसलेला असतो. मला इथे बसून वीस वर्षं झाली. एकदा तरी मला समोर बसव. खरा टाक, बाळा."

हर्लनने खाली बघितलं. बुटाने माती उकरली. मग मान हलवली, या वेळी उभी.

एव्हेनोर परत येऊन बसला. ढोल थांबले, की त्यालाच ऐकू येईनासे झाले. हात वर गेला, खाली आला. चेंडू छातीच्या उंचीवर निघाला, साळसूद, फिरत, त्याची लाल शिवण एका ठिपक्यासारखी, आणि बॅटरची बॅट निघाली, सगळ्या अंगाची ताकद घेऊन. आणि मग चेंडू तिथे नव्हता. बॅट हवेतून सुँ करून गेली. एव्हेनोर पडत होता. उजवा गुडघा मातीला लागला. डावा यायला निघाला होता. त्या एवढ्याशा फटीतून चेंडू मातीला शिवला, पायाच्या पॅडची कड घासून गेला आणि मागच्या भिंतीकडे घरंगळत सुटला. तो वळला, रांगला, धडपडला. तिसऱ्यावरचा माणूस घसरत घरी आला. चुकलेला बॅटरही पहिल्या बेसवर सुखरूप पोचला. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला तर त्याला पळायची मुभा असते. तीन-दोन. स्टेडियमभर जो आवाज उठला त्यात शिट्ट्या होत्या, आईबहिणीवरून शिव्या होत्या, "जा घरी, नातवंडं खेळव!" होतं. एव्हेनोर मातीत आडवा होता, गालाला चुन्याची रेघ लागली होती, आणि त्याला आनंद झाला होता. लाज नंतर यायची होती, ती येणारच होती. पण आत्ता, पहिला श्वास घेताना, निव्वळ आनंद झाला होता. काय पडला तो! देवा, काय पडला! वीस वर्षांत असा चेंडू त्याच्याकडे आला नव्हता, आणि जो आला तो त्याच्यासाठी टाकलेला होता, पूर्ण, काही हातचं न राखता.

सामना त्या एका रनने गेला. कपडे बदलायच्या खोलीत त्याच्याभोवती कुणी फिरकलं नाही. हर्लन येऊन शेजारच्या बाकावर बसला, डोकं हातांत धरून. "मी सांगितलं होतं," तो पुटपुटला. "काय पडला रे तो," एव्हेनोर म्हणाला. हर्लनने मान वर केली. त्याचे डोळे लाल होते. "वीतभर खाली?" "वीतभर कसला! बॅटर अजून शोधतोय." मग पोरगा हसला, नाक पुसत, आणि त्याच्या वयाचा दिसला.

डॉन लेओन्ते बाहेर पिकअपला टेकून उभा होता. एव्हेनोर लंगडत त्याच्यापाशी गेला.

"पाहिलंत?"

"पाहिलं," डॉन लेओन्ते म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलं. कुठे होता रे हा चेंडू इतके दिवस?"

"माझ्यामुळे अडला होता. मी 'नाही' म्हणालो ते विसरा. पुष्कळ आहे त्याच्यात. दहा वर्षं पुरेल, उत्तरेतली माणसं पुन्हा न्यायला येतील एवढं आहे. ठेवा त्याला." पुढचं वाक्य जड होतं. जसं असायला हवं तसं. "पण समोर यादेरला बसवा."

डॉन लेओन्तेने टोपी काढली, आतून बोट फिरवून घाम पुसला. "आणि तू?"

"मला काय? मेलिदा आहे. संत्री आहेत."

"संत्री?"

"ते तुम्हाला नाही कळायचं."

डॉन लेओन्तेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. "सण झाल्यावर ये. यादेरला अक्कल शिकवायला कुणीतरी लागेलच," तो म्हणाला, आणि मग घाईघाईने गाडीत बसला, त्याला डोळ्यांतलं पाणी दाखवायला आवडत नसे.

सण आला, गेला. हर्लनने त्यांच्या देवीपुढची गाणी दारात उभं राहून ऐकली. त्याच्या पंथात देवीची मूर्ती नसे, पण मेलिदाने दिलेली फुटकी संत्री त्याने खाल्ली. पुढच्या सामन्याला एव्हेनोर संघाच्या बाकावर बसला नाही. मेलिदाने ठेवणीतले कपडे काढले, आणि दोघं पहिल्या बेसच्या बाजूला, सिमेंटच्या पायऱ्यांवर, लोकांत जाऊन बसले. तिने भाजलेलं कणीस घेतलं. त्याला काय करावं ते कळेना; हातांना काही काम नव्हतं. काहीजणांनी त्याला ओळखलं आणि नजर दुसरीकडे वळवली. खाली मैदानावर हर्लन उंचवट्यावर उभा राहिला, आणि त्याच्यासमोर यादेर बसला, गुडघे कसे सहज दुमडून. पहिला चेंडू सरळ गेला. दुसऱ्याला हर्लनचा हात वेगळा फिरला, ते एव्हेनोरला इतक्या लांबून कळलं.

आयुष्यभर त्याने चेंडू समोरून पाहिले होते, आपल्याकडे येताना; समोरून चेंडू फक्त मोठा मोठा होत जातो. आज तो बाजूला बसला होता. आणि बाजूने त्याला दिसलं, की चेंडू हातातून सुटल्यावर किती तरी वेळ एका रेषेत चालत जातो, किती विश्वासाने, आणि प्लेटच्या अलीकडे ती रेषा कशी वाकते, सबंध वाकते, खाली, खाली. जणू पाण्यात काही दिसलंय आणि तो त्यामागे गेलाय. बॅटरने हवा कापली. यादेर दोन्ही गुडघ्यांवर होता आणि चेंडू त्याच्या पुढ्यात होता. "अगं, पाहिलंस?" एव्हेनोर म्हणाला. "मेलिदा, पाहिलंस का? इतका! इतका पडतो तो! मला कुठे दिसायचं हे!" मेलिदाने कणसावरून वर बघितलं, त्याच्याकडे, मैदानाकडे नाही. ढोल सुरू झाले. पुढचा चेंडू निघाला, चालत गेला, वाकला, बुडला. "ओ काका!" मागून कुणीतरी त्रासून ओरडलं. "खाली बसा की! दिसत नाही!" तेव्हा एव्हेनोरच्या ध्यानात आलं की आपण उभे आहोत, केव्हा उठलो, कसे उठलो, गुडघ्यांनी काही कुरकुर केली की नाही, काहीच आठवत नव्हतं. "बसा खाली!" आणखी दोघंतिघं ओरडले. "बसलो की इतकी वर्षं!" मागे न बघता तो म्हणाला, आणि उभाच राहिला.